गानविदुषी कै. सरस्वतीबाई राणे : जुगलबंदीतील धाकटा स्वर

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी यंदा आम्ही काही लिहावे, अशी चिटणीसांची सूचना आली, तेव्हा विषय शोधण्यासाठी आम्हांस फार श्रम पडले नाहीत. आजवरच्या अंकांतून ज्ञातीतील दानशूर गृहस्थ, नामांकित वकील, वैद्य, शिक्षक, देवस्थानाचे पंच यांची चरित्रे आलेली आहेत आणि ती यावयासच हवीत. परंतु यंदा ज्यांच्याविषयी आम्ही लिहू इच्छितो त्या आपल्या ज्ञातीच्या नव्हेत. काटेकोरपणे पाहू गेल्यास कोणत्याही एका ज्ञातीच्या स्मरणिकेस त्यांच्यावर हक्क सांगता येणार नाही. हे आम्ही चिटणीसांना प्रथमच स्पष्ट सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि "गुरुजी, तुम्ही लिहा," एवढेच म्हणाले. त्यांचे आम्ही ऋणी आहोत. आपल्या ज्ञातीचा या विषयाशी काय संबंध, हे पुढे योग्य ठिकाणी सांगू.

श्रीमती हिराबाई बडोदेकर हे नाव ठाऊक नाही असे मराठी घर जुन्या पिढीत तरी विरळाच. त्यांच्या धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे. थोरल्या बहिणीचे नाव निघाले की पाठोपाठ धाकटीचे यावयाचे, आणि पुष्कळदा तेवढेच यावयाचे. जोडीने गाणाऱ्या दोघांपैकी दुसऱ्याच्या वाट्यास हे बहुधा येतेच. म्हणून या लेखात आम्ही पहिलीस दुसरी करणार आहो. त्यात हिराबाईंचा अधिक्षेप करण्याचा हेतू नाही, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नको.

सरस्वतीबाईंचा जन्म ४ ऑक्टोबर १९१३ रोजी मिरज येथे झाला. मिरज हे गाव आपल्या भागातील लोकांना वैद्यकीय उपचारांसाठी आणि रेल्वेच्या मोठ्या स्थानकासाठी ठाऊक असते. गाणाऱ्यांना मात्र ते तंबोऱ्यांसाठी ठाऊक आहे. मोठ्या भोपळ्यांचे तंबोरे तेथील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या घडवीत आले आहेत, आणि मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली सरकारकडून भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गावी, घरात अष्टौप्रहर षड्ज-पंचम घुमत असताना ही मुलगी जन्मास आली.

वडील म्हणजे किराणा घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. उत्तर हिंदुस्थानातील किराना या गावचे हे घराणे. खाँसाहेब तरुणपणी बडोदे संस्थानात दरबारी गायक होते. मातोश्री ताराबाई माने या बडोद्याच्या राजघराण्याशी नाते असलेले सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या. खाँसाहेबांकडे गाणे शिकता शिकता दोघांनी एकत्र आयुष्य घालविण्याचे ठरविले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडोदे सोडले. सरदाराची कन्या आणि मुसलमान गवई! त्या काळी काय गहजब झाला असेल याची कल्पना आजच्या वाचकास करता येईल, कारण तेवढा गहजब करण्याचे सामर्थ्य आपल्या समाजात अद्यापही पुरते ओसरलेले नाही.

या दांपत्याची पाच मुले गाण्यात नावारूपास आली. जन्मतः त्यांची नावे अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, अब्दुल हमीद आणि सकीना अशी होती. पुढे १९२० नंतरच्या सुमारास ताराबाई खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या आणि मुलांना घेऊन स्वतंत्र राहू लागल्या. मुलांची नावे त्यांनी बदलली. अब्दुल रहमान झाले सुरेशबाबू, चंपाकली झाल्या हिराबाई, गुलाब झाल्या कमलाबाई, अब्दुल हमीद झाले कृष्णराव आणि सर्वांत धाकटी सकीना झाली सरस्वती. घरी तिला छोटूताई म्हणत.

आता आडनावांची मौज पाहा. मुलगे आईच्या माहेरचे नाव लावून माने झाले. मुली ज्या नगरीतून आईला निघावे लागले त्या नगरीचे नाव लावून बडोदेकर झाल्या. धाकटी विवाहानंतर राणे झाली. वडील तर खाँसाहेब. एका घरातील माणसांची चार आडनावे, आणि गायकी मात्र एक. आडनावावरून माणसाचे गाव, कूळ, देवक सारे ओळखण्याची आपणां ज्ञातिसंस्थांच्या लोकांना सवय असते. आम्ही स्वतः वधुवर सूचक समितीवर काही वर्षे काम केले आहे व आडनाव वाचून कपाळास आठ्या घालण्याचे पापही आमच्या हातून घडलेले आहे. या घराण्यापुढे आमची ती विद्या चालत नाही.

ताराबाईंच्या कर्तृत्वाविषयी स्वतंत्र लेखच लिहावयास हवा. एकट्या बाईने पाच मुलांना वाढविले आणि पाचांपैकी एकाचेही गाणे सुटू दिले नाही. मुलांनी कीर्ती मिळविली ती त्यांच्या हिमतीवर.

छोटूताई तेव्हा सात-आठ वर्षांची होती. म्हणजे वडिलांची तालीम तिला लाभली ती केवळ बालपणापुरती. थोरल्या भावंडांनी खाँसाहेबांना जवळून ऐकले होते. धाकटीने ते गाणे मुख्यतः भावाच्या आणि बहिणीच्या गळ्यातून घेतले. सुरेशबाबू तिच्याहून अकरा वर्षांनी मोठे, हिराबाई आठ वर्षांनी. हेच तिचे गुरू. पुढे प्रोफेसर बी. आर. देवधर, मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली, परंतु पाया घरचा. सुरेशबाबू हे फार मोठे शिक्षक होते. माणिक वर्मा, प्रभा अत्रे यांनी त्यांच्याकडे आणि हिराबाईंकडे तालीम घेतली, यावरून त्या घरातील शिकवण्याची कल्पना यावी. सुरेशबाबू १९५३ साली निवर्तले. घरातील थोरला सूर अकाली गेला.

आता हिराबाईंविषयी थोडे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यांच्या आधी स्त्रीचे गाणे म्हणजे धनिकांच्या दिवाणखान्यातील बैठक, आणि गाणारी स्त्री म्हणजे कुलीन गृहिणीने जिच्याकडे मान वर करून पाहू नये अशी व्यक्ती, असा समज रूढ होता. वस्तुतः त्या दिवाणखान्यांतील कलावतींनीच आपले कितीतरी संगीत जिवंत ठेवले, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. हिराबाईंनी १९२० नंतरच्या दशकात तिकीट लावून जाहीर जलसे करण्यास प्रारंभ केला. नऊवारी साडी, डोक्यावरून पदर, हातवारे नाहीत, समोर कुटुंबवत्सल श्रोते. ज्याने तिकीट घेतले त्याने ऐकावे, मग तो सरदार असो वा कारकून. पैसे मोजून खुर्चीवर बसलेल्या श्रोत्याचा गाणाऱ्या बाईवर तिकिटापलीकडे कोणताही हक्क उरत नाही, हे या व्यवहारातील मर्म आहे.

धाकटी बहीण या साऱ्यात होतीच. वयाच्या सातव्या वर्षापासून तिने रंगभूमीवर कामे केली. ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’ या नाटकांतून त्यांनी भूमिका केल्या. १९२९ च्या सुमारास हिराबाईंनी ताराबाईंच्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा काढली आणि बहिणी-बहिणी त्यात उभ्या राहिल्या. बालगंधर्व शालू नेसून सुभद्रा होत आणि सारा महाराष्ट्र त्यांना डोक्यावर घेई, त्या काळात खऱ्याखुऱ्या स्त्रियांनी, तेही पुरुष नटांच्या बरोबरीने, सुभद्रा व्हावे हे अनेकांना रुचले नाही. पुरुषाने स्त्रीचे सोंग घेतले तर ती कला, आणि स्त्रीने स्त्री म्हणून उभे राहिले तर ती निर्लज्जता, हा न्याय आमच्या अल्पबुद्धीस कधी उमगला नाही. परंतु कंपनी बुडाली ती या आक्षेपांमुळे नव्हे. १९३१ साली बोलपट आला, १९३२ साली मराठी बोलपट आला, आणि आठ आण्यांत गाणे, नाच, महाल आणि युद्ध सारे दाखविणाऱ्या त्या पडद्यापुढे मोठमोठ्या संगीत नाटक मंडळ्या कोसळल्या. ही मंडळीही कर्जात सापडली. ते कर्ज हिराबाईंनी जलसे करकरून फेडले. नाटक फिटले, गाणे उरले.

येथून धाकट्या बहिणीचे स्वतःचे असे आयुष्य सुरू होते. एक विचार आम्हांस वारंवार सुचतो तो वाचकांपुढे ठेवतो. थोरल्या बहिणीने जो मार्ग घेतला तो समोरासमोरचा होता. व्यासपीठ, प्रकाश, श्रोत्यांची हजारो डोळ्यांची दृष्टी. धाकटीचे पहिले मोठे यश मात्र दोन अशा ठिकाणी झाले की जेथे गाणारी दिसतच नाही. एक रेडिओ आणि दुसरे चित्रपटाचे पार्श्वगायन.

रेडिओवर सरस्वतीबाई १९३३ पासून गाऊ लागल्या. त्या वेळी ऑल इंडिया रेडिओ हे नावसुद्धा पडलेले नव्हते. इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस या नावाने मुंबईचे केंद्र चाले व १९३६ साली त्याचे नाव बदलले. ध्वनिमुद्रण करून ठेवण्याची सोय फारशी नव्हती. कलावंताने ठरल्या वेळी केंद्रावर जावे आणि घड्याळाकडे पाहून जिवंत गावे, असा परिपाठ. बैठकीत तास-दीड तास फुलणारा राग ठरावीक मिनिटांत मांडावयाचा आणि तरीही तो तोकडा वाटू द्यावयाचा नाही, ही शिस्त त्या पिढीने रेडिओपुढे बसून आत्मसात केली. सरस्वतीबाईंचे रेडिओवरील गायन १९९० च्या सुमारापर्यंत चालू होते. म्हणजे सत्तावन्न वर्षे! आमची सारी नोकरी चौतीस वर्षांची झाली आणि आम्हांस ती फार मोठी वाटत असे.

चित्रपटात आरंभी नटांना स्वतःच गावे लागे. १९३५ च्या सुमारास पार्श्वगायनाची युक्ती निघाली आणि पडद्यावर एकीने ओठ हलवावे, गळा दुसरीचा असावा, असे शक्य झाले. मराठी चित्रपटातील अगदी पहिल्या पार्श्वगायिकांत सरस्वतीबाईंची गणना होते. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (१९४१) या चित्रपटात त्या गायिल्या. त्यानंतर १९४३ साली विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ आला. सीतेच्या भूमिकेत शोभना समर्थ. शंकरराव व्यास यांनी संगीत दिले होते. सीता वीणेला उद्देशून जे भीमपलासीतील गीत गाते, ते सरस्वतीबाईंचे. महात्मा गांधींना जे एकमेव हिंदी बोलपटदर्शन घडले ते याच चित्रपटाचे, असे सांगतात. त्या गीताने मात्र सारा देश भारून गेला. भीमपलासी हा दुपारचा राग. किराणा घराण्याचा स्वर लावण्याचा जो लडिवाळ, संथ प्रकार आहे, तो साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसविणे म्हणजे गाडग्यात समुद्र भरण्यासारखे. सरस्वतीबाईंनी ते केले, आणि ज्यांना किराणा हे गाव की वाणसामान हे ठाऊक नव्हते अशा लाखो लोकांनी किराणा गायकी गुणगुणली.

येथेच आपल्या ज्ञातीचा संबंध येतो.

आमच्या वडिलांना दोन बहिणी होत्या. थोरल्या आत्या आणि धाकट्या आत्या यांच्या वयात पाच वर्षांचे अंतर होते. दोघी जात्यावर, भजनात, हळदीकुंकवात जोडीने गात. आजोबांनी हौसेने एक पायपेटी घेऊन दिली होती. आमच्या तालुक्याच्या गावी तंबूतला सिनेमा येत असे. त्यात ‘रामराज्य’ आला, आणि देवाचा चित्रपट म्हणून घरच्या बायकांना तो पाहण्याची परवानगी मिळाली. धाकट्या आत्या तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. सीतेचे ते गाणे त्यांनी दोनदा चित्रपट पाहून उचलले, आणि त्या वर्षीच्या ज्ञातीच्या स्नेहसंमेलनात दोघी बहिणींनी पेटीवर ते म्हटले. थोरल्या आत्या पेटी वाजवीत आणि गात, धाकट्या मागोमाग गात. गाणे झाले. टाळ्याही पडल्या, परंतु त्या बायकांच्या बाजूने. पुरुषांच्या बाजूने काही वडीलधारी मंडळी उठून गेली. दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे आजोबांकडे आले. सिनेमातले गाणे, तेही ज्ञातीच्या व्यासपीठावर, तेही वयात आलेल्या मुलीने, उद्या यांना स्थळ कोण देईल, असे बोलणे झाले. आजोबा भांडणारे गृहस्थ नव्हते. पेटी माळ्यावर गेली. त्या सभेत ज्यांनी आक्षेप घेतला त्यांची नावे आम्हांस ठाऊक आहेत, परंतु ती मंडळी आता हयात नाहीत आणि त्यांची संस्थेची सेवाही मोठी होती. म्हणून नावे लिहीत नाही. घटना लिहितो, कारण आजवरच्या कोणत्याही अंकात ती आलेली नाही.

थोरल्या आत्या लग्न होऊन गेल्या आणि काही वर्षांनी बाळंतपणात वारल्या. धाकट्या आत्या अकाली वैधव्य येऊन माहेरी परतल्या व अखेरपर्यंत आमच्याच घरी राहिल्या. आम्ही त्यांना गाताना कधी ऐकले नाही. रेडिओ मात्र त्या ऐकत. आम्ही हायस्कुलात असताना एका रात्री रेडिओवर दोन स्त्रियांचे एकत्र गाणे लागले होते. निवेदिकेने नावे सांगितली : हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे. आम्ही अभ्यासाचे पुस्तक घेऊन बसलो होतो. आत्या भाजी निवडीत होत्या. त्यांनी हात थांबविला. "बाळ, पुस्तक मीट आणि ऐक," त्या म्हणाल्या. "ती धाकटी थांबते कशी, ते ऐक."

थांबते कशी! गाणाऱ्याच्या थांबण्याकडे लक्ष द्यावयाचे असते, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम कळले. सीतेचे ते गाणे याच सरस्वतीबाईंचे, हे आत्यांना तोपर्यंत ठाऊक नव्हते. त्या काळच्या पुष्कळ तबकड्यांवर पार्श्वगायिकेचे नावच नसे, पडद्यावरील पात्राचे नाव छापीत. ही गोष्ट आम्ही पुढे केव्हातरी एका मासिकात वाचून आत्यांना सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने एवढेच म्हणाल्या, "मग ताई असती तर तिला सांगितले असते."

या दोघी बहिणींची जुगलबंदी १९६५ च्या सुमारास सुरू झाली व सुमारे १९८० पर्यंत देशभर चालली. हिराबाई तेव्हा साठीच्या घरात आणि सरस्वतीबाई पन्नाशी ओलांडलेल्या. म्हणजे ज्या वयात माणसे स्मरणिकेसाठी लेख लिहू लागतात त्या वयात या दोघींनी हा नवा उद्योग आरंभिला. ख्यालगायनात स्त्रियांची अशी जुगलबंदी याआधी झालेली नाही, असे संगीताचे जाणकार सांगतात. पुरुषांच्या जोड्या होत्या. धृपदात डागर बंधू होते, ख्यालात नजाकत अली–सलामत अली ही भावांची जोडी होती. बहिणींनी मैफलीत शेजारी बसून बरोबरीने ख्याल गाणे हे नवे होते. १९६५ सालीच हिराबाईंना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला आणि १९७० साली पद्मभूषण. म्हणजे कीर्तीच्या शिखरावर असताना त्यांनी आपल्या व्यासपीठाचा अर्धा भाग धाकट्या बहिणीस दिला. हे औदार्य आहेच. परंतु दिलेली जागा सांभाळणे हे देणाऱ्याच्या हातचे नसते.

जुगलबंदी या शब्दात थोडी कुस्ती आहे. एकाने तान घ्यावी, दुसऱ्याने त्याहून अवघड घ्यावी, श्रोत्यांनी कोण जिंकले ते ठरवावे, असे स्वरूप त्याला पुष्कळदा येते. या बहिणींच्या गाण्यात तसे काही नाही. किराणा घराण्यात विलंबित ख्यालाची बढत एकेका स्वराने होते. गाणारा षड्जावर ठाण मांडतो, मग ऋषभाकडे नुसते पाहतो, परत येतो, पुन्हा जातो, आणि प्रत्येक स्वर असा शृंगारून झाल्यावाचून पुढची पायरी चढत नाही. एकट्याने हे करताना सारी वाट आपलीच असते. दोघींनी करावयाचे झाल्यास एकीने गंधारापर्यंत नेलेले गाणे दुसरीने तेथूनच उचलावयाचे असते. आधीच्या पायरीवर परत गेलीस तर पुनरुक्ती होते, एक पायरी गाळून पुढे गेलीस तर पहिलीची मेहनत फुकट जाते. शिवाय तालाचे चक्र फिरतच असते. एकीचे वाक्य अर्धे असताना सम जवळ आली तर ती कोणी घ्यावी, हे खुणेवाचून ठरावे लागते. हिराबाई सोडतात तो स्वर सरस्वतीबाई नेमका कोठे धरतात, हे ऐकताना आम्हांस नेहमी पाण्याची भरलेली घागर एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर जाताना आठवते. थेंब सांडत नाही.

दोघींचे स्वर एकाच पट्टीत जुळणारे, तालीम एकाच घरातली. हा लाभ जसा आहे तसा धोकाही आहे. दोन्ही आवाज अगदी सारखे झाले तर दोघींनी गाण्याचे प्रयोजनच काय? आमच्या कानांना हिराबाईंचा स्वर रेशमाच्या धाग्यासारखा, टोकाला निमुळता होत जाणारा वाटतो, आणि सरस्वतीबाईंचा किंचित अधिक भरीव, बोलताना जमिनीवर पाय टेकून बोलावे तसा. जाणकारांना आमचे हे वर्णन पटेलच असे नाही. परंतु एक गोष्ट निश्चित. थोरली आपली गुरू आहे आणि आपण तिच्या बरोबरीने बसलो आहो, या दोन्ही गोष्टी सरस्वतीबाईंच्या गाण्यात एकाच वेळी ऐकू येतात. बहिणीची आलापी रंगात आलेली असेल तर त्या आपली पाळी सोडून देतात. पाळी सोडल्यावर पुन्हा शिरतात तेव्हा आवाज चढवून शिरत नाहीत, बहिणीच्या अखेरच्या स्वरात आपला स्वर मिसळवून, कोणाला कळण्यापूर्वी, पुढे जातात. आत्या म्हणत होत्या ते थांबणे हेच असावे.

या जुगलबंदीच्या तबकड्या निघाल्या व घरोघर गेल्या. सरस्वतीबाईंना मानसन्मानही मिळाले. त्यांची यादी देऊन आम्ही लेख लांबवीत नाही. १९७७ साली श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ हा चित्रपट आला. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर तो आधारलेला आहे, आणि गाणाऱ्या स्त्रियांच्या घरात जन्मलेल्या मुलीची ती कथा आहे. त्यात वनराज भाटिया यांच्या संगीतात एक गीत आहे. ते गाणाऱ्या दोघींपैकी थोरला आवाज सरस्वतीबाईंचा आणि दुसरा त्यांची नात मीना फातर्पेकर यांचा. जन्मभर धाकटा स्वर लावणाऱ्या बाई येथे थोरल्या झाल्या आणि मागोमाग येणारीस वाट दाखवू लागल्या. मीनाबाईंना त्यांनी पुढेही शिकविले.

हिराबाई २० नोव्हेंबर १९८९ रोजी निवर्तल्या. सरस्वतीबाईंना त्यानंतर सतरा वर्षांचे आयुष्य लाभले. ९३ वा वाढदिवस झाल्यावर सहाव्या दिवशी, १० ऑक्टोबर २००६ रोजी, त्यांचे देहावसान झाले. सकीना म्हणून जन्मलेली, छोटूताई म्हणून वाढलेली, सरस्वती बडोदेकर म्हणून रंगभूमीवर उभी राहिलेली आणि सरस्वती राणे म्हणून जगाला ठाऊक असलेली ही विदुषी कोणत्या ज्ञातीची म्हणून मोजावी, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. खाँसाहेब १९३७ साली प्रवासात वारले व मिरजेस त्यांचे दफन झाले. तेथील दर्ग्यात दरवर्षी उरुसाच्या वेळी गवई मंडळी जमतात व रात्र रात्र गातात. तेथे कोणी कोणास आडनाव विचारीत असल्याचे आम्ही पाहिले नाही.

आत्याही आता नाहीत. माळ्यावरची ती पायपेटी आम्ही घर दुरुस्तीच्या वेळी खाली काढली. भाता कसरीने खाल्ला होता, परंतु सूर अद्याप बरेच बोलतात. दुरुस्त करून ती संघाच्या सभागृहास द्यावी असा विचार आहे. कार्यकारिणीने कृपया कळवावे. ज्या सभासदांच्या मुली गाणे शिकत आहेत त्यांनी या दोघी बहिणींच्या जुगलबंदीचे ध्वनिमुद्रण अवश्य मिळवून घरी लावावे. ते आता सहज ऐकावयास मिळते. ऐकताना धाकटा स्वर कोणता, हे ओळखण्याचा प्रयत्न करावा. आत्यांना ते पहिल्या आलापीतच कळत असे. आम्हांस पन्नास वर्षांनंतरही प्रत्येक वेळी कळतेच असे नाही.